दालनांतला उजेड
राजवाड्यांच्या अंतर्भागाचे कलात्मक छायाचित्रण : एक प्रस्तावना

कोल्हापूरचा नवा राजवाडा बाहेरून सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कसबा बावडा रस्त्यावरून दिसणारी काळ्या घडीव दगडाची ती भारदस्त इमारत आणि मधोमध उठलेला घड्याळाचा मनोरा कॅलेंडरांवर, पोस्टकार्डांवर आणि शाळेच्या सहलींच्या फोटोंत कितीतरी वेळा येऊन गेला आहे. पण आत काय पाहिले, असे विचारले तर बहुतेकांना आठवतात त्या वस्तू : चांदीचा हौदा, तलवारी, पेंढा भरलेले वाघ, दरबार हॉलमधले सिंहासन. या वस्तू ज्या जागेत मांडल्या आहेत तिची उंची किती, तिथे उजेड कुठून येतो, एका दालनातून दुसऱ्यात पाऊल टाकताना नेमके काय बदलते, हे कोणी सांगत नाही. राजवाड्यातल्या या संग्रहालयात पर्यटकाला कॅमेरा वापरता येत नाही, त्यामुळे घरी नेण्याजोगे चित्रही हाती उरत नाही. शहरातली सर्वांत प्रसिद्ध वास्तू अशी आतून जवळजवळ अनोळखी राहिली आहे.

राजवाड्याच्या आतल्या बाजूकडे कॅमेऱ्याने कसे पाहावे, आजवर कोणी कसे पाहिले आणि आता कोल्हापुरात ते का पाहायला हवे, हा या पुस्तकाचा विषय आहे. मराठीत किल्ल्यांवर, मंदिरांवर, लेण्यांवर सचित्र पुस्तके पुष्कळ आहेत. राजवाड्यांवरही आहेत, पण त्यांत भर असतो तो घराण्याच्या इतिहासावर किंवा इमारतीच्या दर्शनी भागावर. दालन हा स्वतंत्र कलाविषय मानून केलेले लेखन फार थोडे आहे.

दालन म्हणजे तीन गोष्टींची एकत्र मांडणी. पहिली गोष्ट वास्तू : भिंती, खांब, महिरपी, सज्जे, तक्तपोशी. दुसरी वस्तू : गालिचे, लोड-तक्के, हंड्या-झुंबरे, आरसे, तसबिरी. तिसरी गोष्ट उजेड, आणि या तिघांत तोच सर्वांत चंचल. वास्तूचा नकाशा काढता येतो, वस्तूंची यादी करता येते. पण अमुक खांबामागची सावली दुपारी गालिच्याच्या कडेपर्यंत कशी येते, काचेतून गळालेला रंग गादीवर कधी पडतो, हे नकाशात येत नाही आणि यादीतही येत नाही. या तिघांचे नाते फक्त नीट पाहून काढलेल्या छायाचित्रात उरते. म्हणून या क्षेत्रात ‘कलात्मक’ हे विशेषण सजावटीसाठी आलेले नाही. कलावंताची नजर नसेल तर ते नाते नोंदलेच जात नाही, आणि न नोंदलेले दालन वस्तू हलताच संपते.

नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिला. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा टाऊन हॉलही त्यांचाच, आणि फ्लॉरेन्समध्ये १८७० साली निधन पावलेल्या तरुण राजाराम महाराजांची तिथली छत्रीही त्यांनीच रेखली. युरोपीय बांधणीच्या सांगाड्यावर गुजरात-राजस्थानातल्या मंदिरांचे खांब, मुसलमानी अमदानीतल्या कमानी आणि इथल्या वाड्यांची वळणे बसवण्याची त्या काळची जी शैली, तिचे मँट हे एक प्रमुख शिल्पकार. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्यांनीच आखला. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि बडोद्याचे काम पुढे रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये पुरे केले. कोल्हापूरचा राजवाडाही मँट यांच्या हयातीत पूर्ण झाला नाही. तो पुरा झाला त्याच १८८४ साली कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक येऊन शाहू छत्रपती झाले.

या वास्तूचे हृदय म्हणजे तिचा दरबार हॉल. तो दोन मजल्यांच्या उंचीचा आहे. बाजूच्या भिंतींत पाकळीदार महिरपी, महिरपींत रंगीत काचा आणि त्या काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. कोरीव खांब आणि हस्त वरच्या सज्जाला पेलतात आणि हा सज्जा मंदिराच्या मंडपाची आठवण करून देतो. एका टोकाला उंचावर सिंहासन. खाली बसणाऱ्याची नजर आपोआप तिकडे वळावी आणि वरून पाहणाऱ्याला संपूर्ण दरबार दिसावा, अशी ही रचना आहे. उजेडाचाही इथे राजकीय उपयोग केलेला आहे : दिवसाचा प्रकाश आत येतो तोच मुळी शिवाजी महाराजांच्या कथेतून गाळून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रज पोलिटिकल एजंटच्या देखरेखीखाली असलेल्या एका मराठी गादीने आपल्या दरबाराला दिलेला हा रंग आहे. छायाचित्रकाराला हे कळले नाही तर त्याच्या चित्रात फक्त सुंदर काचा येतील.

कोल्हापूरकरांना मात्र दगडी अंधारात शिरणारा किरण कसा पाहायचा, हे वेगळे शिकवावे लागत नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवात दर वर्षी नोव्हेंबरमध्ये ९, १० आणि ११ तारखेला, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून, गरुडमंडपातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी ती चरणांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर पोहोचावीत अशी अपेक्षा असते. किरण आज कुठवर आला, ढग आडवे आले की हवेतली धूळ, वाटेतल्या कोणत्या इमारतीचा अडथळा झाला, यावर दुसऱ्या दिवशी शहरभर चर्चा होते. बंदिस्त जागेतल्या उजेडाची इतकी बारीक सार्वजनिक नोंद ठेवणारी शहरे फार नाहीत.

याच शहरात आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेवरचा बदलता प्रकाश जलरंगांत पकडला. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकाराचा मान दिला होता. याच शहरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मेस्त्री बंधूंनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता चलच्चित्राचा ध्यास घेतला आणि आनंदरावांच्या पश्चात बाबूरावांनी देशी कॅमेरा घडवला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ त्या खटपटीची आठवण सांगतो. बाबूरावांनी चित्रपटात रंगवलेल्या पडद्यांच्या जागी घडीव, खोली असलेले सेट आणले आणि १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. बंद जागा उजेडाने कशी बोलती करायची, याचे धडे या गावाने सिनेमाच्या जन्मकाळीच गिरवले होते. राजवाड्यांच्या अंतर्भागाचे छायाचित्रण इथे रुजायला एवढी जमीन पुरेशी आहे.

छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नामवंत छायाचित्रकार. १८५५ मध्ये मुंबई सरकारने थॉमस बिग्ज या लष्करी अधिकाऱ्यावर वास्तू टिपण्याचे काम सोपवले आणि त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे या भागांत कॅमेरा फिरवला. मद्रास इलाख्यात लिनियस ट्राइप यांनी १८५८ मध्ये मदुराईत तिरुमलै नायकांच्या राजवाड्याच्या प्रचंड कमानी टिपल्या. या सगळ्या कामात एक गोष्ट समान आहे. कॅमेरा बहुधा बाहेर, अंगणात किंवा उघड्या ओवरीत उभा आहे. पूर्ण बंदिस्त दालनात तो क्वचितच शिरतो.

याचे कारण रसायनात होते. त्या काळचे कागद आणि काचपट्ट्या इतक्या मंद की आतल्या उजेडात चित्र उमटायला मिनिटे, कधी तासही लागत. शिवाय त्यांना दिसे तो फक्त निळा-जांभळा प्रकाश. लाल, भगवा, पिवळा त्यांच्या लेखी अंधारच. दरबार हॉलच्या काचा त्या पट्टीवर टिपल्या असत्या तर निळी काच पांढरीफटक आणि भगवी काच काळी उमटली असती. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून पट्टीची नजर हिरव्या-पिवळ्यापर्यंत वाढवली. सर्व रंगांना जागणारी पट्टी बाजारात यायला विसाव्या शतकाची पहिली दशके उजाडली. उजेडासाठी मॅग्नेशियमची तार जाळत. १८८७ मध्ये जर्मनीत झगमगाटी फ्लॅश पावडर आली. तिने क्षणभर दालन उजळे आणि मग ते धुराने भरून जाई. भिंतीलगतच्या सावल्या कापून काढल्यासारख्या पडत.

या अडचणींवर मात करून राजवाड्यांच्या आत शिरले ते लाला दीनदयाळ. इंदूर संस्थानात बांधकाम खात्याच्या नोकरीपासून त्यांची सुरुवात झाली. तुकोजीराव होळकरांनी त्यांना आश्रय दिला आणि पुढे हैदराबादच्या निजामांनी दरबारी छायाचित्रकार नेमले. फलकनुमा आणि हैदराबादच्या इतर महालांची त्यांनी टिपलेली दालने आजही पाहण्यासारखी आहेत. खुर्च्या रांगेत, झुंबरे स्थिर, आरशांत प्रतिबिंबांची माळ आणि माणूस नाही. अभियंत्याचे शिक्षण घेतलेल्या या माणसाला दालनाचा तोल बरोबर कळे. त्या चित्रांमागे संस्थानिकाची इच्छाही स्पष्ट आहे : व्हॉइसरॉयला, पाहुण्यांना, जगाला दाखवायचे वैभव. या दरबारी परंपरेत दालन कॅमेऱ्यासाठी सजून बसते.

दुसरा प्रवाह युरोपातून आला. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक एव्हान्स यांनी कॅथेड्रलांच्या आत कृत्रिम प्रकाशाशिवाय काम केले. एका खांबावरचा उजेड मनासारखा यावा म्हणून ते आठवडेच्या आठवडे थांबत. वेल्स कॅथेड्रलच्या झिजलेल्या पायऱ्यांचे १९०३ मधले त्यांचे चित्र जगप्रसिद्ध आहे, पण राजवाड्यांच्या अभ्यासकाने पाहावे ते १८९६ मधले केल्म्स्कॉट येथील विल्यम मॉरिस यांच्या घराच्या माळ्याचे चित्र. त्यात मौल्यवान असे काही नाही : लाकडी तुळया आणि पलीकडून येणारा प्रकाश. वस्तू कमी झाल्या की जागा कशी बोलू लागते, हे एव्हान्स यांनी दाखवले. वैभव दाखवणारी दरबारी रीत आणि प्रकाशालाच विषय करणारी ही रीत, या दोन टोकांमध्ये पुढची सारी वाटचाल झाली.

विसाव्या शतकात त्यातून अनेक घराणी निघाली. ड्युसेलडॉर्फमध्ये बर्न्ड बेखर यांच्याकडे शिकलेल्या कँडिडा ह्योफर यांनी ग्रंथालये, नाट्यगृहे, राजवाडे समोरून, सरळ, मोठ्या आकारात आणि माणसांशिवाय टिपले. त्यांच्या चित्रात कसलेही नाट्य नाही. सगळे कोपरे सारख्याच आदराने पाहिलेले असतात आणि पाहणारा हळूहळू त्या जागेचे नियम वाचू लागतो. रॉबर्ट पोलिदोरी यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून व्हर्सायच्या दुरुस्तीचा मागोवा घेतला. अर्धवट उतरवलेली रेशमी भिंत, जमिनीवर टेकवून ठेवलेली राजाची तसबीर, शिडी, धूळ. राजवाडा ही सतत पुन्हा बांधली जाणारी गोष्ट आहे, हे त्यांच्या चित्रांमुळे डोळ्यांना दिसले. कॅरेन नॉर यांनी २००८ पासूनच्या ‘इंडिया साँग’ या मालिकेत राजस्थानातल्या महालांच्या दालनांत संगणकाच्या साहाय्याने मोर, सारस, वाघ आणून उभे केले. आणि दयानिता सिंग यांनी भारतीय घरांचे दिवाणखाने माणसांसह आणि माणसांशिवायही टिपले. त्यांच्या रिकाम्या खुर्चीतही नुकतेच कोणी उठून गेल्याची जाणीव असते.

या प्रत्येक रीतीचे कोल्हापुरात काय होईल, हा प्रश्न या पुस्तकात वारंवार येतो. ह्योफर यांची शिस्त दरबार हॉलला शोभेल, कारण ती जागाच मध्यरेषेवर तोललेली आहे. पोलिदोरी यांची नजर रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसकडे वळवता येईल. १९३० च्या दशकात बांधलेला हा राजवाडा पुढे काही वर्षे हॉटेल म्हणून चालला आणि मग तेही बंद झाले. लाकडी दारांतल्या नक्षीच्या बेल्जियन काचा, राजचिन्हे आणि ओसरलेली वर्दळ ही सामग्री त्याच नजरेची वाट पाहते आहे. पेंढा भरलेल्या वाघांच्या दालनात मात्र नॉर यांचे तंत्र अडखळेल. तिथे प्राणी कल्पनेने आणावे लागत नाहीत. शाहूकालीन शिकारीचा इतिहास काचेमागे उभाच आहे, आणि आजच्या प्रेक्षकाला तो अस्वस्थ करतो. ती अस्वस्थता लपवणारे छायाचित्र अपुरेच राहील.

मराठी घराण्यांचे राजवाडे एकत्र पाहिले तर या क्षेत्राचा पसारा लक्षात येतो. बडोद्याच्या लक्ष्मीविलासात दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या मोझेकची. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलासात १८७४ मध्ये टांगलेली झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची, आणि छत ती पेलेल की नाही हे तपासायला वर हत्ती चढवले होते असे सांगतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर दरबार हॉलमध्येच बसून काम करतात. तिथे दालन आजही कारखाना आहे. चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालात आणि मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतीच चित्रांनी बोलतात, आणि तिथला खरा प्रश्न रंगांचे पोपडे पडण्याआधी ते टिपण्याचा आहे.

या सगळ्यांत सर्वांत बोलके उदाहरण इंदूरच्या माणिकबागेचे. यशवंतराव होळकरांनी १९३० ते १९३३ या काळात एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून हा राजवाडा आतून नव्याने घडवून घेतला. धातू, काच, कातडे, साधे भौमितिक आकार. युरोपातल्या अद्ययावत कारागिरीचे ते घर होते. मुथेसियस यांनी स्वतःच त्याच्या दालनांची छायाचित्रे काढून ठेवली. १९८० मध्ये मोनाकोला झालेल्या लिलावात फर्निचर जगभर विखुरले आणि वास्तूत सरकारी कार्यालय आले. एखादी खुर्ची पॅरिसच्या प्रदर्शनात दिसते, एखादा दिवा खासगी संग्रहात. पण ते सारे एकत्र, एका दालनात, त्या प्रकाशात कसे होते हे सांगणारा साक्षीदार आता एकच : ती छायाचित्रे. त्याच इंदुरात १९८४ च्या आगीत जुन्या राजवाड्याचा मोठा भाग भस्मसात झाला.

असे काही आपल्याकडे व्हायचे नाही, असे मानण्याची सोय कोल्हापूरला राहिलेली नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी बांधलेले १९१५ चे हे पॅलेस थिएटर, आणि दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती. दगडी दर्शनी भाग उरला, पण आतले लाकूडकाम, रंगमंच, छत जळून गेले. शहर रडले ते आतल्या जागेसाठी. पिढ्यान्पिढ्या जिथे बसून नाटके पाहिली ती जागा कशी होती, हे पुन्हा उभे करताना जुन्या फोटोंना एकाएकी मोल आले. त्यांतले बहुतेक फोटो नटांचे होते, सत्कारांचे होते. मागे चुकून आलेला खांब, सज्जाची कड, छताची फळी, एवढ्यावर जागेचा पुरावा शोधावा लागतो. मुद्दाम दालनाकडे पाहणाऱ्या छायाचित्रांची निकड त्या रात्रीने जेवढी पटवली, तेवढी कोणत्याही युक्तिवादाने पटली नसती.

आग हे टोकाचे कारण झाले. एरवी दालने हळूहळू बदलतात. जुन्या बल्बच्या जागी पांढरा एलईडी आला की लाकडाचा रंग बदलतो. खिडकीसमोर कपाट आले की निम्मे दालन अंधारते. गालिचा गुंडाळून ठेवला की आवाज आणि उजेड दोन्ही कठोर होतात. यातला प्रत्येक बदल किरकोळ असतो आणि त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

अशा जागेत काम करण्याची स्वतःची कारागिरी आहे. पहिली कसोटी उभ्या रेषांची. कॅमेरा वर वळवला की खांब एकमेकांकडे झुकतात आणि भव्य दालन कोसळल्यासारखे दिसते. म्हणून या क्षेत्रात व्ह्यू कॅमेरा किंवा टिल्ट-शिफ्ट लेन्स वापरतात. त्यांत कॅमेऱ्याचा देह सरळ ठेवून लेन्स वर सरकवता येते. दुसरी कसोटी उजेडातल्या तफावतीची. रंगीत काच उन्हाने पेटलेली आणि तिच्याखालचा कोपरा काळोखात, हे दोन्ही एका एक्सपोजरमध्ये मावत नाही. काही जण वेगवेगळ्या एक्सपोजरची चित्रे काढून जोडतात. ते करताना हात सैल सुटला तर सावलीच नाहीशी होते आणि दालन हॉटेलच्या माहितीपत्रकासारखे सपाट होते. तिसरी कसोटी रंगांची : दुपारच्या उन्हाचे तापमान सुमारे ५,५०० केल्विन, पिवळ्या बल्बचे २,७०० च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की भिंत एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने तांबडी होते. यांतला कोणता रंग खरा धरायचा, हा निर्णय कलावंताचा.

संग्रहालयात आणखी एक अडसर असतो, तो कपाटांच्या काचांचा. काचेच्या लंबरेषेपासून सुमारे ५६ अंशांच्या कोनातून पाहिले तर पोलरायझर फिल्टर तिच्यावरचे प्रतिबिंब बहुतेक गाळून टाकतो. पण ते प्रतिबिंब ठेवावे असेही काही वेळा वाटते, कारण आजच्या प्रेक्षकाचे राजवाड्याशी असलेले नातेच काचेआडचे आहे. शिवाय जपणुकीचा धर्म आहेच. रेशीम, जुने कापड, जलरंग यांवर ५० लक्सपेक्षा अधिक उजेड पडू नये, असे संग्रहालयांचे सर्वमान्य धोरण. छायाचित्रकाराने आपल्या चित्रासाठी वस्तूचे आयुष्य खर्ची घालायचे नसते. त्याने ट्रायपॉड लावून थांबायचे असते.

थांबणे हीच इथली मुख्य साधना. आषाढ-श्रावणात ढगांमुळे उजेड मऊ आणि सगळीकडे सारखा असतो. कोरीव हस्तांचे बारकावे तेव्हा सर्वांत नीट दिसतात. मार्गशीर्ष-पौषात सूर्य दक्षिणेकडे कलतो, ऊन तिरपे होऊन खोल आत येते आणि काचांचे रंग जमिनीवर उतरतात. जूनमध्ये तर दुपारचा सूर्य कोल्हापूरच्या माथ्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि एरवी कधी ऊन न पाहणाऱ्या भिंतींवर ते येते. एकाच दालनाची ही वर्षभरातली निरनिराळी रूपे आहेत, आणि त्यांतले एक रूप पाहून दालन पाहिले असे म्हणता येत नाही.

हे पुस्तक या साऱ्याची एकत्र मांडणी करू पाहते. ते छायाचित्रणाचे पाठ्यपुस्तक नाही, राजघराण्याचा इतिहासही नाही. नव्या राजवाड्याचा दरबार हॉल केंद्रस्थानी ठेवून ते भवानी मंडपालगतच्या जुन्या राजवाड्याकडे, शालिनी पॅलेसकडे आणि पुढे इंदूर-बडोद्यापर्यंत जाते. उपलब्ध उजेडाला प्राधान्य द्यायचे, वस्तू चित्रासाठी हलवायच्या नाहीत, संगणकावर रंग चढवायचे नाहीत, हे त्याने स्वतःला घातलेले निर्बंध आहेत. त्यामुळे काही चित्रे अंधारी आहेत. त्या अंधाराची सवय डोळ्यांना होऊ द्यावी, एवढी विनंती वाचकाला आहे.

आणखी एक जबाबदारी या पुस्तकाने मानली आहे. दालनात राजा बसतो, पण ते घडवतात आणि राखतात पाथरवट, सुतार, काचकाम करणारे, फर्राश, माळी, पहारेकरी. ज्या संस्थानातून २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या समाजांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, त्याच्या राजवाड्याकडे पाहताना तरी फक्त सिंहासनाच्या बाजूने पाहणे योग्य नाही. म्हणून इथे मागचे जिने आहेत, सेवकांच्या वाटा आहेत, हात लागून गुळगुळीत झालेल्या दाराच्या कड्या आहेत. सज्जातून, दाराच्या आडून, खालच्या पायरीवरून दरबार कसा दिसत असेल, हेही कॅमेऱ्याने पाहिले आहे.

तरीही या कामातली एक मोठी पोकळी नव्या छायाचित्रांनी भरणार नाही. कोल्हापूर, कागल, इचलकरंजी, गडहिंग्लजच्या घरांत जुने अल्बम आहेत. स्टुडिओंच्या माळ्यांवर काचेच्या निगेटिव्ह आहेत. त्यांत समारंभासाठी राजवाड्यात गेलेले आजोबा आहेत, पॅलेस थिएटरच्या रंगमंचावरच्या मावश्या आहेत, आणि त्यांच्या मागे दालने आहेत. असे फोटो चिकट पानांच्या अल्बममधून तज्ज्ञाच्या मदतीने सोडवून घ्यावेत, मागे मऊ पेन्सिलीने साल, ठिकाण आणि प्रसंग लिहावा, बॉलपेन वापरू नये, निगेटिव्ह कडांनी धरून वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवाव्यात. आणि माणसांची नावे विचारून झाली की घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न अधिक विचारावा : हा फोटो कोणत्या खोलीत काढला, आणि त्या खोलीची खिडकी कोणत्या बाजूला होती? त्या उत्तरांसाठी आणि त्या फोटोंसाठी पुढच्या कामात जागा राखून ठेवली आहे.